चार पैसे आले की देवळाची पायरी सुटते का? टोपणनावांनी लिहिणाऱ्या सहा जणांची सातारा-सांगलीपुरती चर्चा

माणगंगाकाठ

पोटाला चिमटा बसला की माणूस देवाकडे धावतो आणि हाताशी पैसा आला की देवळाची पायरी सुटते, हे विधान आपण सगळे इतक्या सहज करतो की ते तपासायचे राहूनच जाते. त्याला अभ्यासाचा आधार आहे. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र मांडून हेच सांगितले: आजार, उपासमार, बेकारी यांची धास्ती ज्या समाजात कमी, तिथे प्रार्थना आणि उपासनेची हजेरीही कमी. युरोपला ते बऱ्यापैकी लागू पडते. माझे म्हणणे असे की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या पट्ट्याला ते जसेच्या तसे लावू नये. इथे दुष्काळाने माणसाला देवाच्या दारातून उठवून बाहेर नेले आहे.

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो मार्गशीर्षात. जतच्या यल्लमाची यात्राही मार्गशीर्षातच. आता ऊसतोडीचे वेळापत्रक बघा. मुकादमाकडून उचल पावसाळ्यात घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळी गाव सोडते आणि कारखान्याचे गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण यात्रेला गेला तर दुसऱ्याचेही काम थांबते, खाडा पडतो आणि उचल फिटायची लांबते. त्यामुळे गावातले सगळ्यात गरजू घर स्वतःच्या ग्रामदेवतेच्या रथाला नसते.

मग असते कोण? खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात गेलेली गलाईवाली मंडळी देशभर पसरली आहेत. यात्रेला ती हमखास येतात. या भागातल्या कितीतरी देवळांचे सभामंडप, कमानी, फरशा त्यांच्या पैशातून उभ्या आहेत. खांबाखांबावर देणगीदारांची नावे वाचत गेले की दुष्काळी गावाच्या देवळात पैसा कुठून येतो ते कळते. श्रद्धा गरिबाची जास्त असेलही. हजेरी मात्र ज्याला रजा परवडते त्याची लागते.

मिरजवेस

तुम्ही फक्त रथ आणि यात्रा मोजताय, तिथेच गफलत आहे. यात्रा वर्षातून एकदा. अंगारा, नवस, गुरुवार, अमावास्या हे वर्षभर चालते आणि त्याला वर्गणीची पावती नसते.

मिरज घ्या. १८९४ पासून इथे मिशन हॉस्पिटल आहे, पुढे गल्लोगल्ली दवाखाने झाले, आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्याच गावात मीरासाहेबांचा दर्गा आहे. आतला रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर आणि बाहेरचा नातेवाईक दर्ग्यात, ही इथली रोजची गोष्ट. त्या नातेवाइकाला तिथे नेते ते बिल, आणि बरे झाल्यावर काम करता येईल का ही धास्ती. ज्याच्याकडे विमा आहे, पगारी रजा आहे, तो पाया पडेलही. पण पाच गुरुवार बोलणार नाही.

नुसते तर्काचे बोलत नाही. इंडोनेशियात १९९७-९८ ला तिथले चलन रुपिया कोसळले, महागाई भडकली. भातशेती असणारे त्यातल्या त्यात सावरले, ठरावीक पगारावरचे मेटाकुटीला आले. डॅनियल चेन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांना फटका मोठा बसला ती कुटुंबे कुराणपठणाच्या मंडळांकडे जास्त वळल्याचे दिसले. पुढचा भाग आपल्या कामाचा आहे: जिथे कर्ज सहज मिळत होते तिथे हा परिणाम बराच मावळला. म्हणजे धर्ममंडळ हे अडीनडीला हात देणारे ठिकाण होते, आणि बँक आली की त्या गरजेचा जोर ओसरला. आपल्याकडे विकास सोसायटी, बचत गट आणि सप्ताह कमिटी यांच्याकडे याच नजरेने बघा.

भारतातही, प्यू या संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे ३०,००० लोकांना विचारले, तेव्हा ८४ टक्के लोकांनी धर्म आयुष्यात अतिशय महत्त्वाचा असल्याचे सांगितले. दक्षिणेत हाच आकडा ६९ टक्के होता. दक्षिणेतली राज्ये शिक्षण-आरोग्यात पुढे आहेत, हे सांगायला नको.

द्राक्षपट्टा

दोघेही पैशावर अडकलात. पैसा दुय्यम आहे, दिवस महत्त्वाचा. कुठल्या पिकाचा माणूस कुठल्या महिन्यात मोकळा असतो, हे एकदा मांडले की अर्धा वाद मिटतो.

तासगाव-कवठेमहांकाळकडची द्राक्षबाग घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर सबकेन (म्हणजे काडी खुडून बगलफूट घेणे), शेंडा मारणे, काडी पिकवणे. काम असते, पण एखादा आठवडा दुसऱ्यावर सोपवता येतो. म्हणून आषाढी वारीला बागायतदार जाऊ शकतो. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेली बाग साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोऱ्यात येते, म्हणजे थेट कार्तिकीच्या तोंडावर. त्या दिवसांत रात्री ढग आले, पहाटे धुके पडले की डाऊनी या बुरशीरोगावरची फवारणी त्याच दिवशी करावी लागते. एक दिवस चुकला तर घड कुजतात, मणीगळ होते, आणि वर्षाचे कर्ज अंगावर राहते. अशा वेळी हा माणूस कार्तिकीला चंद्रभागेवर कसा जाईल? त्याची भक्ती आषाढ आणि कार्तिक यांच्यामध्ये घटत नाही. पण वाळवंटातली माणसे मोजणारा त्याला आषाढात भाविक म्हणेल आणि कार्तिकात नास्तिक.

गाई-म्हशीवाल्याचे याहून कठीण. दावणीला एकच दुभती गाय असली तरी दोन्ही वेळची धार चुकत नाही. घरातले एक माणूस कायम खुंट्याला बांधलेले. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी येते, त्याच्यावर किराणा चालतो. जिरायत शेतकरी मात्र पेरणी उरकली की वापशाची नि उगवणीची वाट बघत रिकामा असतो. आषाढी वारी शेकडो वर्षे टिकली त्यात या रिकाम्या पंधरवड्याचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गावर माऊलींच्या पालखीत चालणाऱ्यांत जिरायत पट्ट्यातला माणूस जास्त दिसतो तो यामुळे. शिखर शिंगणापूरची कावडयात्रा चैत्रात, रब्बी घरात आल्यावर. देवस्थानांचे पंचांग आणि पिकांचे पंचांग एकमेकांत विणलेले होते. पिके बदलली, ती वीण उसवली.

मिरजवेस

द्राक्षपट्टा, पीकवार मांडणी उत्तम. पण दोन वेळा फवारणी करूनही डाऊनी आली की तोच बागायतदार काय करतो तेही लिहा. बागेच्या कोपऱ्यात नारळ फुटतो की नाही?

द्राक्षपट्टा

फुटतो. आणि पीक चांगले आले तरी पेटी भरायच्या आधी फुटतो. म्हणून नारळावरून धास्ती मोजता येत नाही.

हिशेबवही

सहभाग हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतोय: पट्टी, म्हणजे रोकड, पहारा, म्हणजे वेळ आणि अंगमेहनत, आणि नवस, म्हणजे अडचण. उत्पन्न वाढले की तिघांचे काय होते याची उत्तरे वेगवेगळी आहेत. अखंड हरिनाम सप्ताहाची वही उघडली की हे स्वच्छ दिसते.

सप्ताह म्हणजे सात दिवस, रात्रंदिवस वीणा उभी. ती समाप्तीपर्यंत खाली टेकवायची नसते. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर दिवसाला १२ आणि सात दिवसांत ८४ पहारे. प्रत्येकात एक विणेकरी आणि निदान चार टाळकरी, म्हणजे ४२० माणूस-पहारे. एका माणसाने आठवड्यात तीन पहारे केले तरी १४० माणसे लागतात, शिवाय काकडा, पारायणाची बैठक, हरिपाठ, कीर्तन वेगळे. तीनशे उंबऱ्यांच्या गावात पूर्वी ही माणसे सहज मिळायची. आता पाटण-जावळीकडची कर्ती माणसे माथाडीत, नवी मुंबईच्या बाजारात. कऱ्हाड-वाळव्याकडची पुण्याला, एमआयडीसीत.

पहाऱ्याची यादी पुठ्ठ्यावर चिकटवून मंडपाच्या खांबाला टांगलेली असते. आडवे वार, उभ्या वेळा. सकाळ-संध्याकाळची घरे भरलेली. रात्री १२ ते २ आणि २ ते ४ ही घरे बघावीत: तीच चार नावे, पुनःपुन्हा, कुठे खाडाखोड करून लिहिलेली, आणि ती नावे बहुधा साठीपुढच्यांची. त्याच खांबाला शेजारी पंगतींची यादी असते. रोज दोन म्हणजे १४ पंगती. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतरचा महाप्रसाद सगळ्या गावाचा. पंगत घ्यायला घरे रांगेत उभी असतात, पुढच्या वर्षाची नावेही आत्ताच लागतात. एकाच खांबावर एक यादी ओसंडते आणि दुसरी भरत नाही.

याचे कारण लोकांची नियत बिघडली हे नाही. वेळ महाग झाला. अझी आणि एरेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या चर्चबद्दल हाच हिशेब मांडला होता: ज्याच्या तासाला जास्त मोल, तो तासाऐवजी पैसा देतो. आपल्याकडे कमिट्यांनी तोच मार्ग काढला. पहारे भरेनात म्हणून वारकरी शिक्षण घेणारी मुले किंवा शेजारच्या गावचे भजनी मंडळ मानधनावर बोलावतात. त्याने वीणा उभी राहते, पण खर्च वाढतो, म्हणून पट्टी वाढते, आणि पट्टी वाढली की मजुराचे घर कुरकुरते. पूर्वी तो पहारा देऊन बरोबरीने उभा राहायचा. आता त्याच्या पहाऱ्याची किंमत उरली नाही आणि पंगत त्याला परवडत नाही. सप्ताह चालू राहतो, त्यातला हा माणूस मात्र मागे सरकतो.

यात्रा कमिट्यांनी एक साधी गोष्ट करावी. पट्टी सरसकट उंबऱ्यामागे न लावता दोन पर्याय ठेवावेत: ठरलेली रक्कम, किंवा चार पहारे. आणि पट्टी न दिलेल्यांची नावे भोंग्यावरून पुकारणे कायमचे बंद करावे. ऊसपट्ट्यात वसुलीचा दिवसही चुकतो. कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत, ते अनेकदा रखडतात, आणि कमिटी मात्र यात्रेच्या आधी पंधरा दिवस दारात उभी. बिल जमा झाल्यावर वसुली करा, निम्मी भांडणे होणार नाहीत.

वेशीबाहेर

इतका वेळ वाचतोय. सगळे जण असे धरून चालला आहात की सहभाग म्हणजे माणसाने आपखुशीने घेतलेला भाग. आमच्या वस्तीसाठी तो शंभर वर्षांपूर्वी काय होता ते लिहा. यात्रेत हलगी वाजवणे, मेलेले जनावर ओढणे, लाकूडफाटा पुरवणे हे बलुत्याशी बांधलेले होते. नाही म्हटले तर सुगीला खळ्यावरचे धान्य बंद. याला भक्ती म्हणायचे की वेठ? १९५६ च्या धर्मांतरानंतर कितीतरी गावांत ही कामे सोडली गेली, आणि १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. त्या दिवशी गावाच्या यात्रेतला ‘सहभाग’ घटला. तुमच्या मोजपट्टीवर ती धर्माची घसरण दिसेल. ती माणसाने मान वर केल्याची नोंद आहे.

आणि त्याच वस्तीत १४ एप्रिलला घरटी पट्टी जमते, विहार बांधले जातात, वर्षावासात ग्रंथवाचन होते. तेव्हा गरीब वि. श्रीमंत या एका रेषेवर हे बसत नाही. ज्या ठिकाणी माणसाला बरोबरीची जागा मिळते तिथे तो खिशात नसतानाही देतो.

साताऱ्याला हे नवे नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, आणि पुढे याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी भटजीशिवाय लग्ने लावली. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ मध्ये, कमी खर्चाची गांधी लग्ने लागली. सावकाराचे कर्ज हे त्यामागचे रोकडे कारण होते. विधी सोडायलाही आर्थिक कारण असते, पैसा वाढण्याची वाट बघावी लागत नाही.

माणगंगाकाठ

वेशीबाहेर, हा मुद्दा माझ्या पहिल्या लिखाणात यायलाच हवा होता, मान्य करतो. एक पुरवणी. मिरजेच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. कडेगावच्या मोहरमच्या उंच ताबुतांमध्येही बलुतेदारांचे मान ठरलेले आहेत. तिथे मान आहे म्हणून माणूस टिकून आहे असे म्हणता येईल का?

वेशीबाहेर

म्हणता येईल, पण मान आणि वेठ यांतला फरक एका प्रश्नाने कळतो: एखाद्या वर्षी नाही गेलो तर काय होते? दुसऱ्या कुणी केले आणि आपल्याला कुणी विचारले नाही, तर तो मान. दारात येऊन जाब विचारला, तर ती वेठ.

कृष्णाकाठची

या सगळ्या हिशेबात घर हा एकच माणूस धरलाय. घरातली बाई वेगळी धरा.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. औदुंबर, गोंदवले, मांढरदेव, पाली इथे जाणाऱ्या बायकांच्या हातात तिकिटाचा निर्णय आला. तिकीट निम्मे झाल्याने श्रद्धा दुप्पट झाली असे कुणी म्हणणार नाही. अडलेली होती ती वाट मोकळी झाली. मिरजवेस दादांच्या धास्तीच्या सिद्धांतात याला कुठे जागा आहे?

वारीचेही तसेच. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिंडीत चालायचे म्हणजे भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरायची. त्यात दोन वेळचे जेवण, राहुटी, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर. त्यावर मजुरीचा खाडा. २०२४-२५ ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. १८ दिवसांचे ५,३४६ रुपये होतात. शेतमजूर बाईला भिशी आणि खाडा दोन्ही झेपत नाही, म्हणून ती फलटणपासून किंवा वाखरीपासून पुढे चालते, किंवा एकादशीला एसटीने जाऊन कळसाचे दर्शन घेऊन परतते. यादीत ती नसते. आणखी एक अडसर कुणी लिहिला नाही: मुक्कामाच्या गावात शौचालय आणि अंघोळीचा आडोसा. पहाटे तीनला उठून अंधारात उरकावे लागते, दिवसभर पाणी कमी प्यायले जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीची जळजळ सुरू होऊन बाई गाडीत बसते. हे दारिद्र्याचे नाही, सोयीचे आहे, आणि ते सुधारता येते. शंभर माणसांच्या दिंडीत बायका निम्म्या धरल्या तर दोन फिरती शौचालये त्यांना पुरत नाहीत, कारण सगळ्यांची वेळ एकच, पहाटे तीन ते पाच.

मिरजवेस

ताई, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. वाट मोकळी झाल्यावर माणूस कुठे जातो ते धास्ती ठरवते, एवढेच म्हणतो. निम्म्या तिकिटात बाजाराला, माहेराला, दवाखान्यात जाता येते. त्यातली एक फेरी मांढरदेवला का?

त्याच मांढरदेववर २५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेला, चेंगराचेंगरीत आणि आगीत पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, त्यात सिलिंडर. काळूबाईला येणारा भाविक बहुतेक कष्टकरी, टेंपो-ट्रकमधून आलेला. पुढच्या वर्षांत तो यायचा थांबला नाही. इतक्या मोठ्या संकटानंतरही जो येतो, त्याला आणणारे कारण मोकळ्या दिवसापेक्षा खोल असते.

कृष्णाकाठची

त्या एका फेरीला तीन-चार बायका एकत्र निघतात, डबे बांधतात, सासरचे कुणी विचारत नाही. बाजाराला गेलेल्या बाईला ‘उशीर का झाला’ विचारतात, देवाला गेलेल्या बाईला नाही. धास्तीइतकेच हेही कारण आहे, आणि ते कुठल्याच पाहणीच्या प्रश्नावलीत नसते.

हिशेबवही

मिरजवेस आणि माणगंगाकाठ यांच्यात कोण बरोबर हे आपल्या दोन जिल्ह्यांत तपासता येईल. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पाणी सगळ्या गावांत एकदम पोचलेले नाही. एकाच तालुक्यातली दोन गावे घ्या, सारख्या उंबऱ्यांची. एकात पाणी आले, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडच्या सप्ताहाच्या वह्या पाणी यायच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच वर्षांच्या काढा. पट्टी, पहारा, पंगत वेगळी मोजा. २०२० आणि २०२१ वगळा, त्या दोन वर्षांत पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, तिथे गावाच्या आकड्यांना अर्थ नाही. महापुराचे वर्षही नदीकाठच्या गावांसाठी वगळा. रक्कम तशीच न घेता त्या वर्षीच्या मजुरीच्या दिवसांत बदला, नाहीतर महागाईलाच भक्ती समजून बसाल. नवसासाठी वही नाही, तिथे देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडे मंगळवार-शुक्रवारची विक्री विचारावी लागेल.

मिरजवेसांचे खरे असेल तर पाण्याच्या गावात नारळ घटायला हवेत. माणगंगाकाठांचे खरे असेल तर पट्टी आणि पंगत वाढायला हवी.

द्राक्षपट्टा

आणि माझे खरे असेल तर पाण्याच्या गावात ऊस, बाग, गोठा आला म्हणून रात्रीचा पहारा रिकामा पडायला हवा. दोन गावे निवडताना पीक बदललेले आणि न बदललेले असेही बघा. सप्ताह कुठल्या महिन्यात बसतो तेही लिहून घ्या. काही गावांनी तिथी सोडून तो मे महिन्यावर नेला आहे, मुंबईकरांची मुले सुट्टीत असतात म्हणून.

वेशीबाहेर

वह्या काढाल तेव्हा त्यात कुठल्या वस्तीचा उंबरा धरलेलाच नाही, ते आधी मोजा.